‘डर्टी डान्सिंग’ आणि त्यातून निघालेल्या कलाकृती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरांत कथेची सर्व वळणे, अगदी शेवटसुद्धा, उघड केलेली आहेत. त्यामुळे मूळ चित्रपट अजून पाहिला नसेल तर पहिल्या तीन प्रश्नांवरच थांबावे आणि उरलेले चित्रपट पाहून झाल्यावर वाचावे.

१. ‘डर्टी डान्सिंग’ नावाने नेमके काय काय आहे आणि ते कोणत्या क्रमाने पाहावे?

सगळ्याचा उगम २१ ऑगस्ट १९८७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या ‘डर्टी डान्सिंग’ या चित्रपटात आहे. कथा-पटकथा एलेनॉर बर्गस्टीन यांची, दिग्दर्शन एमिल आर्डोलिनो यांचे, नृत्यदिग्दर्शन केनी ऑर्टेगा यांचे आणि प्रमुख भूमिका जेनिफर ग्रे व पॅट्रिक स्वेझी यांच्या आहेत. पुढे १९८८-८९ मध्ये सीबीएस वाहिनीवर एक मालिका आली, २००४ मध्ये ‘हवाना नाइट्स’ हा दुसरा चित्रपट आला, त्याच वर्षी सिडनीत रंगमंचीय रूप उभे राहिले, आणि २०१७ मध्ये एबीसी वाहिनीने मूळ कथेवर नवा दूरचित्रपट केला. यांखेरीज दोन-तीन नृत्यस्पर्धा-कार्यक्रम आहेत (प्रश्न १३ पाहावा).

यांपैकी एकही कलाकृती दुसरीची गोष्ट पुढे नेत नाही, म्हणून क्रमाचे बंधन नाही. तरीही १९८७ चा चित्रपट आधी पाहावा, असा माझा आग्रह आहे. बाकीच्या साऱ्या त्याच्याकडे पाहत घडवलेल्या आहेत आणि तो पाहिल्याशिवाय त्यांत काय साधले व काय निसटले, हे कळत नाही.

२. मूळ चित्रपटाची कथा थोडक्यात सांगाल का?

१९६३ चा उन्हाळा. न्यूयॉर्कमधील डॉक्टर जेक हाउसमन पत्नी आणि दोन मुलींसह कॅटस्किल डोंगरांतील ‘केलरमन्स’ या रिसॉर्टवर सुट्टीसाठी येतात. धाकटी मुलगी फ्रान्सिस, जिला घरात सगळे ‘बेबी’ म्हणतात, कॉलेजात जाण्याच्या उंबरठ्यावर आहे आणि पुढे पीस कोअरमध्ये, म्हणजे परदेशांत स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकी शासकीय संस्थेत, काम करण्याचे तिच्या मनात आहे. रिसॉर्टवरचा नृत्यशिक्षक जॉनी कॅसल आणि त्याची जोडीदार पेनी यांच्याशी तिची ओळख होते. पेनीला एका रात्री शेजारच्या ‘शेल्ड्रेक’ हॉटेलातील ठरलेला मॅम्बो हा जोडीचा नाच करणे अशक्य होते. तिच्या जागी बेबी उभी राहते, काही दिवसांत नाच शिकते, आणि या तालमींतून बेबी व जॉनी यांचे प्रेम जमते. पेनीला नाचणे का अशक्य झाले, हा या कथेचा कणा आहे. त्याविषयी प्रश्न ७ मध्ये सविस्तर लिहिले आहे.

३. नाव ऐकून घरी सर्वांसमोर लावायला संकोच वाटतो. मुलांबरोबर पाहण्यासारखा आहे का?

अमेरिकेत या चित्रपटाला ‘पीजी-१३’ हे प्रमाणपत्र मिळाले होते, म्हणजे तेरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांना सावधगिरीची सूचना होती. कर्मचाऱ्यांच्या खोल्यांत चालणारा नाच अंगाला अंग भिडवून केलेला आहे आणि प्रणयाचे प्रसंगही आहेत. मात्र आजच्या वेबमालिकांच्या तुलनेत ते बरेच संयत वाटतील. माझ्या मते पालकांनी तयारी ठेवावी ती नाचाविषयी नव्हे, तर बेकायदेशीर गर्भपाताच्या प्रसंगाविषयी बोलण्याची. कॉलेजच्या वयाच्या मुला-मुलींबरोबर तो अवश्य पाहावा.

४. ‘केलरमन्स’ हे ठिकाण खरोखर होते का?

त्या नावाचे नव्हते. तशा प्रकारची मात्र शेकडो होती. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला असलेल्या कॅटस्किल डोंगरांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्यू कुटुंबांसाठी हॉटेले, बंगल्या आणि रिसॉर्टांची एक अख्खी वसाहत उभी राहिली होती. अमेरिकेतील अनेक हॉटेले त्या काळी ज्यूंना उघडपणे प्रवेश नाकारत असत, आणि त्या अपमानातूनच ही स्वतंत्र सुट्टीची दुनिया जन्माला आली. दिवसाचे तिन्ही वेळचे भरपेट जेवण, विनोदवीरांचे कार्यक्रम, पत्त्यांचे डाव, गोल्फ आणि नृत्याचे वर्ग असा तिथला दिनक्रम होता. कुटुंबे आठवडेच्या आठवडे मुक्काम करत. या रिसॉर्टांमध्ये ‘ग्रॉसिंगर्स’ सर्वांत नावाजलेले होते आणि केलरमन्सवर त्याची स्पष्ट छाया आहे.

या दुनियेचा अस्तही चित्रपटात नोंदवलेला आहे. शेवटच्या कार्यक्रमाच्या वेळी मालक मॅक्स केलरमन वाद्यवृंदप्रमुख टीटोजवळ उभा राहून बोलतो की, आता मुलांना आईवडिलांबरोबर येऊन फॉक्सट्रॉटसारखा जुना जोडीचा नाच शिकण्यात रस उरलेला नाही, त्यांना युरोपच्या सहली हव्या आहेत. हा संवाद सहज निसटून जातो, पण इतिहासाला धरून आहे. विमानप्रवास आवाक्यात आला, शहरातल्या घरांत वातानुकूलन आले, आणि पूर्वी दार बंद करणारी हॉटेले ज्यूंना खुली झाली, तशी कॅटस्किलची गर्दी ओसरत गेली. ग्रॉसिंगर्स १९८६ मध्ये बंद पडले, आणि त्याच वर्षी या चित्रपटाचे चित्रीकरण सुरू होते.

५. मग चित्रीकरण कुठे झाले? तिथे जाता येते का?

चित्रीकरण कॅटस्किलमध्ये नव्हे, तर बरेच दक्षिणेला दोन ठिकाणी झाले. व्हर्जिनिया राज्यात पेम्ब्रोकजवळचे माउंटन लेक हॉटेल हे भोजनगृहातील प्रसंग, हाउसमन कुटुंबाची कॉटेज आणि तळ्याकाठचे खेळ यांसाठी वापरले गेले. नॉर्थ कॅरोलायनातील लेक ल्यूर येथे कर्मचाऱ्यांच्या खोल्या, बेबी तालीम करते त्या पायऱ्या आणि पाण्यातील लिफ्टचा, म्हणजे नाचात जोडीदाराला डोक्यावर उचलून धरण्याच्या सरावाचा, प्रसंग चित्रित झाला.

चित्रीकरण सप्टेंबर-ऑक्टोबर १९८६ मधले, कथा मात्र भर उन्हाळ्यातली. त्यामुळे पिवळी पडू लागलेली पाने हिरव्या रंगाने रंगवावी लागली. तळ्याचे पाणी इतके गार होते की दोघांचे ओठ निळे पडत, आणि म्हणून पाण्यातल्या लिफ्टमध्ये चेहऱ्यांची जवळून घेतलेली दृश्ये नाहीत.

माउंटन लेक येथे आजही या चित्रपटाच्या चाहत्यांसाठी खास मुक्काम आखले जातात. तिथले तळे नैसर्गिक असून त्याचे पाणी तळातल्या भेगांतून झिरपून जाते. पडद्यावर दिसते तेवढे पाणी तिथे मिळेलच असे नाही. लेक ल्यूरला सप्टेंबर २०२४ मधील हेलीन चक्रीवादळाचा मोठा तडाखा बसला, त्यामुळे तिकडे जाण्याआधी स्थानिक परिस्थितीची चौकशी करावी.

६. ही खरी गोष्ट आहे का?

घटना काल्पनिक आहेत, पण माणसे व वातावरण लेखिकेच्या अनुभवातील आहे. एलेनॉर बर्गस्टीन या ब्रुकलिनमधील एका ज्यू डॉक्टरांच्या धाकट्या कन्या. त्यांनाही घरी ‘बेबी’ म्हणत. त्याही कुटुंबासह कॅटस्किलला सुट्टीसाठी जात आणि आईवडील गोल्फ खेळत असताना नाचत असत. जॉनीची व्यक्तिरेखा लिहिण्यापूर्वी त्यांनी कॅटस्किलमध्ये नृत्य शिकवलेल्या मायकेल टेरेस यांच्याशी बोलून त्या कामाचे तपशील मिळवले होते.

पटकथा आधी एमजीएम या चित्रपटकंपनीकडे होती, तिथे ती बाजूला पडली. शेवटी व्हेस्ट्रॉन या व्हिडिओ कॅसेटच्या व्यवसायातील कंपनीने तिला हात दिला. सुमारे ६० लाख डॉलरांत तयार झालेल्या या चित्रपटाने जगभरात २१ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत, म्हणजे जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या शासकीय यादीत, त्याचा समावेश झाला.

७. प्रेमकथेत गर्भपाताचा प्रसंग कशासाठी घातला आहे? तो गाळला असता तर काय बिघडले असते?

कथाच उरली नसती. पेनी गरोदर आहे. त्याला जबाबदार असलेला वेटर रॉबी हा येल विद्यापीठात शिकणारा, सुखवस्तू घरातला मुलगा आहे, आणि तो सरळ हात झटकून मोकळा होतो. न्यूयॉर्क राज्यात १९६३ साली गर्भपात हा गुन्हा होता. त्या राज्याचा कायदा १९७० मध्ये बदलला आणि देशभरासाठी सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १९७३ मध्ये आला. त्यामुळे पेनीला चोरून गर्भपात करणाऱ्या एका फिरत्या माणसाकडे, तो सांगेल त्याच दिवशी आणि २५० डॉलर देऊन जावे लागते. तो दिवस नेमका शेल्ड्रेकच्या कार्यक्रमाचा असतो. बेबी वडिलांकडून कारण न सांगता पैसे आणते आणि पेनीच्या जागी नाचायला उभी राहते. म्हणजे बेबी आणि जॉनी एकत्र येतात तेच मुळी या घटनेमुळे. तो माणूस पेनीला मरणाच्या दारात सोडून जातो, तेव्हा बेबी मध्यरात्री वडिलांना उठवते. डॉक्टर पेनीला वाचवतात, आणि ही अवस्था जॉनीमुळे झाली असा समज करून घेऊन त्याच्याशी कठोर वागतात. पुढचा सगळा संघर्ष या गैरसमजातून वाढतो.

बर्गस्टीन यांनी ही गुंफण जाणीवपूर्वक केली होती. पटकथा लिहिली गेली तेव्हा अमेरिकेत गर्भपात कायदेशीर होता आणि अनेकांना हा प्रसंग जुनाट वाटत होता; पण तरुण मुलींना बेकायदेशीरपणाची किंमत माहीत असली पाहिजे, यावर त्या ठाम होत्या. त्यांनीच सांगितल्याप्रमाणे, मुरुमांच्या मलमाच्या एका कंपनीने चित्रपटाशी जाहिरातीचा करार करण्याची तयारी दाखवली होती, परंतु या प्रसंगामुळे तिने अंग काढून घेतले. प्रसंग कथेच्या पायात चिणलेला असल्यामुळे तो काढणे शक्यच नव्हते. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ चा निर्णय रद्द केला, आणि हा भाग पुन्हा वर्तमानातला झाला.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक संदर्भ उपयोगी पडेल. भारतातही १९६३ साली, स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी केलेला अपवाद वगळता, गर्भपात हा दंडसंहितेनुसार गुन्हा होता. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ मध्ये झाला. पेनीच्या खोलीतला तो प्रसंग आपल्या आधीच्या पिढीतील बायकांनाही अनोळखी वाटला नसता.

८. चित्रपटात कोणता नाच आहे? नटांनी तो स्वतः केला आहे का?

शेल्ड्रेकमध्ये सादर होतो तो मॅम्बो, म्हणजे क्युबातून आलेला आणि १९५० च्या दशकात कॅटस्किलच्या रिसॉर्टांवर कमालीचा लोकप्रिय झालेला जोडीचा नाच. कर्मचाऱ्यांच्या खोल्यांत चालतो तो सोल संगीतावरचा मोकळा नाच असून त्याला ठरीव पदन्यास नाही. रंगीत दिव्यांखाली पाहुण्यांसमोरचा शिस्तीचा नाच आणि वर टेकडीवर बंद दारामागचा बेबंद नाच, हा फरक चित्रपटाच्या सुरुवातीलाच डोळ्यांत भरतो.

स्वेझी हे बॅले शिकलेले कसलेले नर्तक होते. त्यांच्या मातोश्री पॅट्सी स्वेझी स्वतः नृत्यदिग्दर्शक होत्या. जेनिफर ग्रे यांना जोडीच्या नाचाचे तसे शिक्षण नव्हते, आणि ते चित्रपटाच्या पथ्यावर पडले. तालमीतला एक प्रसंग बारकाईने पाहावा : जॉनी मागे उभा राहून तिचा हात वर नेतो आणि तिच्या दंडावरून कुशीपर्यंत बोटे अलगद खाली आणतो, तिला दर वेळी गुदगुल्या होतात, ती हसते, आणि त्याच्या चेहऱ्यावर वैताग उमटतो. ते हसू आणि तो वैताग दोन्ही खरे होते, आणि आर्डोलिनो यांनी ते तसेच ठेवले. त्याचप्रमाणे दोघे जमिनीवर गुडघ्यांनी रांगत एकमेकांकडे येतात, तो भाग मुळात चित्रीकरणापूर्वी अंग सैल करण्यासाठी केलेला खेळ होता.

शेवटच्या लिफ्टविषयी फार विचारणा होते. त्यात उचलणाऱ्याच्या दंडांइतकेच महत्त्व धावत येणाऱ्या जोडीदाराच्या वेगाला आणि ताठ ठेवलेल्या अंगाला आहे. जोडीदार कंबरेच्या हाडांवर पकड घेतो. धावणारीने शेवटच्या पावलाला कच खाल्ली, की तोल जातो. शेल्ड्रेकमध्ये बेबी नेमकी तिथेच कचरते आणि हातवारे करून वेळ निभावून नेते. ग्रे यांनी नंतर सांगितले आहे की, भीतीपोटी त्यांनी या लिफ्टची तालीम टाळली होती. घरी प्रयत्न करू इच्छिणाऱ्यांनी जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली, खाली जाड गाद्या घालूनच करावा.

९. गोष्ट १९६३ ची असताना शेवटचे गाणे इतके नव्या धाटणीचे कसे?

चित्रपटात दोन प्रकारचे संगीत आहे. पात्रे ज्यावर नाचतात ती बरीच गाणी १९५० आणि १९६० च्या दशकांतील जुन्या तबकड्यांवरची आहेत. त्यांच्या जोडीला काही गाणी १९८७ मध्ये नव्याने केलेली असून त्यांतील वाद्ये सरळसरळ १९८० च्या दशकातील आहेत. बिल मेडली आणि जेनिफर वॉर्न्स यांनी गायलेले अंतिम गीत याच दुसऱ्या गटातले. त्याला सर्वोत्कृष्ट गीताचा ऑस्कर मिळाला. स्वेझी यांनी गायलेले एक गीतही यात आहे आणि त्याच्या रचनेत त्यांचा वाटा होता. ध्वनिमुद्रिका अमेरिकेतील लोकप्रिय संगीताच्या बिलबोर्ड यादीत १८ आठवडे अव्वल होती.

कालविसंगती आहे, हे मान्य. पण शेवटच्या नाचात ती खटकत नाही, कारण तिथे चित्रपट १९६३ मधून बाहेर पडून प्रेक्षकांच्या काळात येतो.

१०. ‘हवाना नाइट्स’ हा पुढचा भाग आहे की आधीचा?

दोन्ही नाही. तो नोव्हेंबर १९५८ मध्ये क्युबात घडतो, म्हणजे काळाने मूळ कथेच्या पाच वर्षे आधी, पण पात्रे पूर्णपणे वेगळी आहेत. फोर्ड कंपनीतील अधिकाऱ्याची मुलगी केटी (रोमोला गराई) हवानात येते, हॉटेलातील वेटर हावियेरशी (दिएगो लुना) तिची मैत्री होते, तिच्याबरोबर दिसल्यामुळे त्याची नोकरी जाते आणि दोघे नृत्यस्पर्धेत उतरतात. स्पर्धेच्या अंतिम रात्री क्युबाचा हुकूमशहा बातिस्ता याची राजवट कोसळते. दिग्दर्शन गाय फरलँड यांचे असून चित्रीकरण पोर्तो रिकोत झाले. नृत्याची बाजू सांभाळणाऱ्या जोॲन जॅन्सन यांच्या हवानातील किशोरवयाचा कथेला आधार आहे.

माझे मत असे की, या चित्रपटाच्या हाती मूळ चित्रपटापेक्षा मोठा विषय होता आणि त्याने तो पार्श्वभूमीला टांगून ठेवला. क्रांती घडते, हावियेरचा भाऊ तिच्यात सामील असतो, तरी केटीला कोणतीही जोखमीची निवड करावी लागत नाही. प्रश्न ७ मध्ये सांगितलेली गुंफण इथे नाही. लुना यांचा वावर मात्र अतिशय देखणा आहे.

११. ‘हवाना नाइट्स’मध्ये पॅट्रिक स्वेझी दिसतात. ते जॉनीच आहेत ना?

श्रेयनामावलीत त्यांची नोंद केवळ नृत्यवर्गाचे शिक्षक अशी आहे, पात्राला नाव नाही. कथा १९५८ ची आणि स्वेझी तेव्हा पन्नाशी ओलांडलेले, त्यामुळे १९६३ मधला तरुण जॉनी तो असूच शकत नाही. ती जुन्या नटाला दिलेली मानाची हजेरी समजावी.

१२. १९८८ ची मालिका आणि २०१७ चा दूरचित्रपट पाहण्याजोगे आहेत का?

मालिकेत पॅट्रिक कॅसिडी आणि मेलोरा हार्डिन यांनी प्रमुख भूमिका केल्या. इथे बेबी ही पाहुण्या डॉक्टरांची नव्हे, तर रिसॉर्टच्या मालकाची मुलगी आहे. अकरा भागांनंतर मालिका थांबली. जिज्ञासूंखेरीज इतरांनी ती शोधत बसू नये.

२०१७ च्या दूरचित्रपटात ॲबिगेल ब्रेस्लिन बेबी आहेत आणि कोल्ट प्रॅटीस जॉनी. दिग्दर्शक वेन ब्लेअर यांनी आईवडिलांच्या दुरावलेल्या संसाराला आणि थोरली बहीण लिसा हिला अधिक जागा दिली. डेब्रा मेसिंग यांनी केलेली आई मूळ चित्रपटातल्या आईपेक्षा भरीव आहे, आणि ही जमेची बाजू आहे. पण पात्रे मध्येच स्वतः गाऊ लागतात, त्यामुळे नाचातून जे न बोलता कळायचे ते शब्दांत सांगितले जाते. शेवटी १९७५ मधला एक प्रसंग जोडलेला आहे. त्याविषयी प्रश्न १४ पाहावा.

१३. नाटक आणि स्पर्धा-कार्यक्रम यांचे काय?

रंगमंचीय रूप बर्गस्टीन यांनी स्वतः लिहिले असल्यामुळे ते मूळ कथेशी सर्वांत प्रामाणिक आहे. सिडनीत २००४ मध्ये प्रारंभ झाल्यावर ते २००६ मध्ये लंडनच्या ऑल्डविच थिएटरात आले आणि तिथे २०११ पर्यंत चालले. यात बेबी आणि जॉनी गात नाहीत. गाणी इतर कलाकार गातात किंवा मूळ ध्वनिमुद्रणे वाजतात. २०१७ ने जी चूक केली ती इथे टळलेली आहे.

स्पर्धा-कार्यक्रमांपैकी ब्रिटनमधील २००७ चा आणि अमेरिकेतील फॉक्स वाहिनीवरचा २०२२ चा हे दोन विशेष माहीत असलेले. त्यांत कथा नाही.

१४. शेवटी बेबी आणि जॉनी एकत्र राहतात का? आणि जॉनीला चोरीच्या आळामुळेच काढले होते ना?

दुसऱ्या प्रश्नाबाबत बहुतेकांची गफलत होते. पाकीट चोरल्याचा आळ जॉनीवर येतो, तेव्हा ती रात्र तो आपल्याबरोबर होता, असे बेबी वडिलांच्या देखत सांगते. चोर शूमाकर हे वृद्ध दांपत्य असल्याचेही उघड होते. तरीही जॉनीची नोकरी जाते, कारण पाहुण्यांच्या मुलीशी संबंध ठेवल्याचे आता जगजाहीर झालेले असते. म्हणजे ज्या सत्याने तो चोरीतून सुटतो, त्याच सत्यामुळे त्याची नोकरी जाते. रॉबीला मात्र काहीच होत नाही. डॉक्टर त्याला देऊ केलेला लिफाफा परत घेतात, एवढेच.

एकत्र राहतात का, याचे उत्तर १९८७ च्या चित्रपटाने दिलेले नाही. २०१७ च्या दूरचित्रपटाने दिले आहे : बेबीचे लग्न दुसऱ्याशी झाले आहे, तिला मुलगी आहे आणि जॉनी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर नृत्यदिग्दर्शक आहे. ते त्या दूरचित्रपटापुरतेच धरावे.

१५. जेनिफर ग्रे यांना घेऊन नवा भाग येणार, हे खरे का?

लायन्सगेट या चित्रपटकंपनीने ऑगस्ट २०२० मध्ये तशी अधिकृत घोषणा केली होती. व्हेस्ट्रॉनचा चित्रपटसंग्रह हस्तांतरित होत होत आर्टिझन या कंपनीमार्गे लायन्सगेटकडे आला, म्हणून हक्क त्यांच्याकडे आहेत. ग्रे यांचे नाव अभिनयाबरोबरच निर्मितीशीही जोडलेले आहे. स्वेझी यांचे १४ सप्टेंबर २००९ रोजी निधन झाल्यामुळे जॉनीच्या जागी दुसरा नट उभा करू नये, ही माझ्यासारख्या अनेकांची मनापासूनची इच्छा आहे.

१६. गोव्यात घडणारा हिंदी चित्रपट याच मालिकेतला आहे का?

वाचकांना अभिप्रेत असलेला चित्रपट पूजा भट्ट दिग्दर्शित ‘हॉलिडे’ (२००६) हा आहे. डिनो मोरिया त्यात नृत्यशिक्षक आहेत, ओंजोली नायर नायिका आहेत, आणि सुट्टीसाठी गोव्याला आलेले डॉक्टरांचे कुटुंब ही मांडणी सरळ १९८७ च्या चित्रपटावरून घेतलेली आहे. मॅम्बोच्या जागी साल्सा आला आहे. तरीही प्रश्न १ मधील यादीत तो येत नाही. गोव्यात पर्यटक आणि त्यांची सेवा करणारे स्थानिक लोक यांच्यातील अंतर कॅटस्किलइतकेच खरे आहे. ते धरून गोष्ट सांगितली असती तर हा चित्रपट मूळ कथेच्या तोलाचा होऊ शकला असता. त्याऐवजी समुद्रकिनारा बहुतांशी देखाव्यासाठी वापरला गेला.